अंगठ्याचा ठणका आणि डोळ्यांवरचा पडदा



कामगार चळवळीतल्या माणसाने या व्यासपीठावरून वैद्यकावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. मी डॉक्टर नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली. पुढे जे शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. परंतु तीस वर्षे लोकांचे रजेचे अर्ज लिहून देताना दोन दुखण्यांची जोडी वारंवार दृष्टीस पडली. एक गाऊट, ज्याला आपले वैद्य वातरक्त म्हणत आले, दुसरे मोतीबिंदू.

गाऊट म्हणजे राजेरजवाड्यांचा, मेजवान्या झोडणाऱ्यांचा रोग, अशी एक जुनी समजूत आहे. ती अर्धीच खरी. शरीरातील पेशींची मोडतोड होते, आपण मांसमच्छी खातो, त्यातून युरिक ॲसिड तयार होते. मूत्रपिंडांनी ते बाहेर टाकावयाचे. ती थकली, की ते रक्तात साचते आणि सांध्यात त्याचे सुईसारखे स्फटिक बनतात. मग एखाद्या मध्यरात्री पायाचा अंगठा असा ठणकू लागतो, की अंगावरच्या चादरीचा स्पर्शही सोसत नाही. 1848 मध्ये लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉड या डॉक्टरने गाऊटच्या रोग्यांच्या रक्तात हे ॲसिड वाढलेले असते हे दाखवून दिले. याच गॅरॉडने 1859 च्या आपल्या ग्रंथात आणखी एक गोष्ट नमूद केली आहे. त्याच्या रुग्णालयातील गाऊटच्या रोग्यांपैकी निदान चौघांत एकाला कधी ना कधी शिशाची बाधा झालेली होती, आणि त्यांतले बहुतेक नळकाम करणारे व रंगारी होते. राजेरजवाडे कोठे, आणि रंगारी कोठे!

आता डोळ्याकडे वळू. डोळ्यातील भिंगाला रक्तवाहिन्या नाहीत. त्याच्या गाभ्यातील द्रव्ये आपण जन्मण्यापूर्वीच तयार होतात आणि मरेपर्यंत तीच राहतात. कातडी नवी येते, हाड सांधते. भिंगाचे तसे नाही. साखर, ऊन, तंबाखू, भट्टीची आच, औषधे, जे जे पोहोचेल त्याची इजा तेथे साचतच जाते. शेवटी भिंग गढुळते, तोच मोतीबिंदू.

या दोघांचा संबंध काय? अमेरिकेत 65 वर्षांवरील लोकांसाठी मेडिकेअर नावाची सरकारी विमा योजना आहे. तिच्या नोंदी तपासून 2018 मध्ये असे प्रसिद्ध झाले, की गाऊट असलेल्या वृद्धांत मोतीबिंदू अधिक प्रमाणात होतो. पण दोन माणसे एकाच गाडीतून उतरली म्हणून एकाने दुसऱ्याला आणले असे ठरत नाही. मधुमेह, रक्तदाब, दुबळी मूत्रपिंडे ही मंडळी दोन्ही रोगांच्या घरी ये-जा करतात. युरिक ॲसिड स्वतःच भिंग बिघडवते, असे छातीठोकपणे सांगण्याइतका पुरावा नाही.

मला मात्र या दोहोंमधल्या दुसऱ्याच एका वाटेची चिंता आहे. ती औषधाच्या दुकानावरून जाते.

1948 मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी सांध्यांच्या रोग्यांना कॉर्टिसोन दिले आणि अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली. 1950 चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले, ते योग्यच होते. पण दहा वर्षांतच, 1960 मध्ये, दुसरी बाजू छापून आली: दीर्घकाळ अशी औषधे घेणाऱ्यांच्या भिंगाच्या मागच्या बाजूस मोतीबिंदू धरतो. म्हातारपणाच्या नेहमीच्या मोतीबिंदूहून हा लवकर त्रास देतो. उन्हात डोळे दिपतात, समोरून येणाऱ्या मोटारीचे दिवे फुटल्यासारखे पसरतात, वाचताना अक्षर पुसट होते.

गाऊटचा झटका आलेला कंत्राटी कामगार काय करतो? खाडा पडला तर रोज बुडतो. चार खाडे पडले तर मुकादम दुसरा माणूस उभा करतो. तो गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन ‘लवकर उतरेल असे काहीतरी द्या’ म्हणतो. एक सुई, पुडीत बांधलेल्या चार गोळ्या. सकाळी तो पाळीवर हजर! पुढच्या वेळी दवाखानाही नको. केमिस्टकडे रिकामे पाकीट दाखविले की झाले. वास्तविक ही औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकण्यास कायद्याने बंदी आहे. झटक्यात डॉक्टरने विचारपूर्वक चार-सहा दिवस दिलेल्या स्टेरॉईडने डोळे जातात, असे मी म्हणत नाही. मी वर्षानुवर्षे चिठ्ठीविना चाललेल्या पुडीविषयी बोलतो आहे. तिने रक्तातली साखर चढते, ती पुन्हा भिंगाला बाधते. तिने डोळ्यातील दाब वाढून काचबिंदूही होतो. मोतीबिंदूचे भिंग बदलता येते. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत आणणारी शस्त्रक्रिया नाही. आणि अशी पुडी पुष्कळ दिवस घेतलेल्याने ती एकाएकी बंदही करू नये. डॉक्टरला सांगून उतरवत न्यावी.

गाऊटला मुळापासून आवरणारे औषध नाही असे मात्र नाही. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या संशोधनातून निघालेले ॲलोप्युरिनॉल 1966 पासून वापरात आहे. ते युरिक ॲसिड तयार होणेच कमी करते, त्यामुळे झटके व झटक्यांवरच्या पुड्या दोन्ही कमी होतात. यानेही मोतीबिंदू होतो की काय, अशी शंका घेतली गेली. काही अभ्यासांत ती दिसली, काहींत टिकली नाही. तेव्हा ऐकीव गोष्टीवरून ते सोडू नये, डोळे मात्र अधूनमधून तपासून घ्यावेत.

शिशाचे राहिले. शिसे मूत्रपिंड बिघडवते, म्हणून गाऊट. ते हाडात दशकानुदशके मुक्काम करते. बॉस्टनकडच्या वयस्क पुरुषांच्या नडगीच्या हाडातील शिसे मोजले गेले, आणि 2004 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला, की ज्यांच्या हाडात ते सर्वांत अधिक त्यांच्यात मोतीबिंदूही अधिक. (अमेरिकेच्या दक्षिण भागात मोटारीच्या जुन्या रेडिएटरमधून चोरटी दारू गाळीत, त्यातील शिशाने पिणाऱ्यांना गाऊट होई. आपल्याकडील हातभट्टीच्या भक्तांनी याची नोंद घ्यावी.) जुन्या बॅटऱ्या फोडणारा, शिसे वितळविणारा माणूस साठीनंतर लंगडत, चाचपडत चालू लागला, तर सगळे म्हणतात, वय झाले. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात शिशाची बाधा व्यवसायजन्य रोग म्हणून होती. पुढे भट्टीच्या उष्णतेने येणारा मोतीबिंदूही त्यात आला. ज्याने जन्मभर काय हाताळले हे कोणी विचारलेच नाही, त्याला त्या परिशिष्टाचा काय उपयोग?

सांध्याचा डॉक्टर पाय पाहतो, डोळ्याचा डॉक्टर डोळा पाहतो. दोघेही कामात बुडालेले. रोग्याची सगळी हकीकत ठाऊक असलेला माणूस एकच, तो स्वतः. आणि तो भीतीने किंवा संकोचाने गप्प बसतो. राज्य कामगार विम्यात अटी पुऱ्या करणाऱ्याला आजारपणात मजुरीच्या 70 टक्के, वर्षाला 91 दिवसांपर्यंत मिळतात. पण ज्याचे नावच कंत्राटदाराने विम्यात घातलेले नाही, त्याला अंगठा सुजला म्हणून घरी बैस असे कोणत्या तोंडाने सांगावे? पुडीचा प्रश्न अर्धा वैद्यकाचा आहे, अर्धा हजेरीपटाचा.

आमच्या कचेरीत रजेच्या अर्जाला आम्ही आता एक कागद जोडतो. कोणत्या गोळ्या, किती वर्षे, कोणाच्या सांगण्यावरून. कोणत्या खात्यात काम, शिसे किंवा भट्टी जवळ होती काय. गोळीचे रिकामे पाकीट सापडले तर तेही टाचतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला जाणाऱ्याने हा कागद डोळ्याच्या डॉक्टरपुढे ठेवावयाचा. ज्यांच्या घरी असा माणूस असेल त्यांनी व्याख्यानानंतर माझ्याकडून एक प्रत घेऊन जावी. कोरे कागद मी आणलेले आहेत.