दयाळ : एका पाखराच्या नावाची कथा

(मंडळाच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून आम्ही एका पाखराविषयी बोलणार, हे ऐकून काही मंडळींच्या चेहऱ्यांवर हसू उमटलेले आम्हांस दिसत आहे. परंतु हा विषय आम्ही निवडलेला नाही. घरातील एका तंट्याने तो आमच्या गळ्यात घातला.

फाल्गुनातील सकाळ होती. आमच्या येथील, कोलकात्यातील घराच्या आवारभिंतीवर एक काळेपांढरे पाखरू शेपटी उभारून गात होते. नातू ओरडला, "दोयेल!" आजी म्हणाली, "दोयेल नव्हे रे, दयाळ म्हणावे." नातू ऐकेना; त्याच्या शाळेत दोयेलच शिकविले होते. दुपारी आमच्या सौभाग्यवती आमच्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "आज दयाळ गेला. उद्या हा मला ठाकुमा म्हणू लागेल." बोलताना त्यांचा गळा दाटून आला होता. तेव्हा निवाडा करणे आम्हांस भागच पडले.

पाखरू आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. बुलबुलाएवढे, नर काळा-पांढरा, मादीच्या अंगावर काळ्याच्या जागी राखी रंग. हिवाळाभर मुके असल्यासारखे राहते आणि उन्हाळ्याची चाहूल लागताच पहाटे उंच फांदीवर बसून गाऊ लागते. दयाळ हे नाव कानी पडताच मराठी माणसास दयाळूपणा आठवतो. पण या पक्ष्याच्या अंगी दया फारशी नाही! विणीच्या दिवसांत दुसरा नर हद्दीत आला की हा त्याच्या अंगावर धावून जातो. पूर्वी काही ठिकाणी झुंजी लावण्यासाठी लोक त्यास पिंजऱ्यात पाळीत. हिंदीत त्यास दहियल म्हणतात, बंगालीत दोयेल. दहियल, दोयेल, दयाळ ही एकाच घरची भावंडे दिसतात. आम्ही त्यात दया ऐकली, हिंदी कानास कदाचित दही ऐकू येत असेल.

इंग्रजांची गंमत तर याहून मोठी. त्यांनी हा शब्द ऐकला आणि लिहिला 'डायल'. डायल म्हणजे घड्याळाची तबकडी. लव्हेयाँ या फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञास वाटले की पक्ष्याचा सूर्यघड्याळाशी काही संबंध असावा; त्याने फ्रेंचमध्ये त्याचे नावच 'काद्राँ', म्हणजे तबकडी, असे ठेवले. लिनिअसने १७५८ साली पक्ष्यास जे शास्त्रीय नाव दिले त्यात 'सौलारिस' हा शब्द आहे. तो मुळात 'सोलारिस', म्हणजे सूर्याचा, असा लिहावयाचा होता आणि हातून चूक झाली, अशी कथा जर्डनने आपल्या भारतीय पक्ष्यांवरील ग्रंथात दिली आहे. एका दहियलावर केवढा हा सूर्यमंडळाचा डोलारा!

ही गाठ सोडविणारा एडवर्ड ब्लाइथ याच शहरातला. एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा तो १८४१ पासून १८६२ पर्यंत अभिरक्षक होता. त्याने दाखविले की सौलारिस हा लेखनदोष नव्हे. मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यातील शल्यवैद्य बल्कली याने हा पक्षी विलायतेस पेटिव्हर नावाच्या संग्राहकाकडे पाठविला होता आणि त्याबरोबर 'सौलारी' हे देशी नावही गेले होते. ते वर्णन जॉन रे याच्या १७१३ सालच्या ग्रंथात छापले गेले. सौलारीचा अर्थ 'शंभर गाणी' असा लावला जातो. म्हणजे शास्त्रीय नावात लॅटिन शेपटी लावलेला आपल्याकडचाच शब्द बसला आहे.

इंग्रजीत आज त्यास 'मॅग्पाय-रॉबिन' म्हणतात. मॅग्पाय हा त्यांच्याकडचा कावळ्याच्या कुळातला काळापांढरा पक्षी आणि रॉबिन त्यांच्या परसातला तांबड्या छातीचा चिमुकला गवई. आमच्या दयाळाच्या छातीवर तांबड्याचा ठिपकाही नाही. पण सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासानंतर येथे उतरलेल्या माणसास भिंतीवरच्या पाखरात आपले परस दिसले असेल, तर त्यास हसावे असे आम्हांस वाटत नाही. पन्नास वर्षांपूर्वी येथे आलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांनी येथल्या कितीक भाज्यांना गावाकडची नावे दिली होती!

दक्षिणेतील मंडळींना आणखी एक मौज सांगतो. कन्नडमध्ये दयाळास 'मडिवाळ हक्की' म्हणतात, म्हणजे परिटाचा पक्षी. मल्याळममध्येही त्याच्या नावात परटीणच आहे. आमच्याकडे मात्र धोबी म्हणजे शेपटी हलवीत पाण्याकाठी फिरणारा निराळाच पक्षी. इकडे बांगलादेशाने दोयेलास राष्ट्रीय पक्षी केले आणि दोन टाक्यांच्या नोटेवर त्याचे चित्र छापले. नातवाने ही नोट कोठून तरी मिळवून पुरावा म्हणून आजीपुढे ठेवली, हे सांगितलेच पाहिजे.

निवाडा? तो अद्याप झालेला नाही. चैत्रात भिंतीच्या भोकात जोडीने घरटे केले आणि नेमके तेव्हाच भिंतीच्या गिलाव्याचे काम निघाले. नातवाने बंगाली अक्षरांत 'दोयेल' असा कागद लिहून भोकाशेजारी चिकटविला. आजीने चष्मा लावून त्याखाली 'दयाळ' असे लिहिले, ळ चांगला ठळक काढून. गवंडी बिहारचा होता. त्याने कागदाकडे पाहिलेही नाही. भोकातून डोकावणारी मादी त्यास दिसली. "दहियल है," एवढेच तो म्हणाला, आणि थापी खाली ठेवून भिंतीच्या दुसऱ्या टोकाकडे निघून गेला.