सात चेंबरचं पिस्तुल नसतं

(हा भाग मोऱ्यात रेकॉर्ड केला. लिहून काढताना बोलण्यातली पुनरावृत्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

आज मी मोरा बंदरावर आहे. मागे लाँचच्या इंजिनाचा आवाज येत असेल, त्याला इलाज नाही.

विषय आहे जुनी हत्यारं आणि त्यांची बातम्यांत चुकणारी नावं. हा विषय इथे बसूनच का, तर २२ सप्टेंबर २०१६. त्या दिवशी उरणात शाळेतल्या मुलांनी हत्यारबंद माणसं पाहिल्याचं सांगितलं. उरीचा हल्ला चारच दिवसांपूर्वी झालेला. पोलीस, नौदल, एनएसजी, सगळे कामाला लागले, दुसऱ्या दिवशी शाळा बंद. शेवटी कुणी सापडलं नाही. पण माझ्या कानावर ती गोष्ट येईपर्यंत त्या बंदुकांच्या 'एके-४७' झाल्या होत्या. मधे कुणी तरी नाव चिकटवलं होतं आणि पुढच्या प्रत्येकानं ते खात्रीनं सांगितलं. तेव्हापासून बातमीत हत्याराचं नाव आलं की मी आधी फोटो बघतो.

आपल्या रायगड-रत्नागिरीकडचा नेहमीचा प्रकार घ्या. शिकारीच्या गुन्ह्यात कुणाला तरी पकडतात, फोटोत लांब नळीची जुनी बंदूक, आणि खाली ओळ 'गावठी कट्टा जप्त'. अहो, कट्टा म्हणजे हातभर सुद्धा नसतो! फोटोतली असते ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू आणि छरे भरायचे, गजानं ठासायचे. ती पेटते कशी, त्यावरून तिचं वय कळतं. जळती वात लावायची ती तोड्याची बंदूक. गारगोटीची ठिणगी पाडणारी चकमकीची. आणि मागे छोट्या नळकांड्यावर तांब्याची टोपी बसवून तिच्यावर घोडा आपटायचा, ती केपाची. फोटोत घोड्याच्या तोंडात दगड आहे की घोडा सपाट आहे, एवढं बघितलं तरी निम्मं काम होतं.

यात फरक काय पडतो, असं विचाराल तर खूप पडतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणाच्या परवान्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. कोकणात असे परवाने कितीतरी घरांत आहेत, निवडणूक आली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. त्याच कायद्याचं कलम ४५ जुन्या घडणीच्या, पुराणवस्तू म्हणूनच किंमत असलेल्या किंवा मोडक्या हत्यारांना सूट देतं, पण ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नसेल तरच. म्हणजे आजोबांची चालू स्थितीतली केपाची बंदूक कितीही जुनी असो, परवाना लागतोच. आणि गंजून नळी बंद झालेली भिंतीवरची बंदूक ही वेगळी गोष्ट. बातमीत दोन्ही 'कट्टा' झाल्या की गावात त्या घराकडे बघायची नजरच बदलते. मी असं एक घर पाहिलंय. नाव सांगत नाही. बंदूक परवान्याची होती, पुढे ती परतही मिळाली, पण ते छापून आलं नाही.

आता पोलिसांची बंदूक. २६/११ नंतर आपण सगळ्यांनी वाचलं, की पोलिसांच्या हातात दुसऱ्या महायुद्धातली थ्री-नॉट-थ्री होती. बोल्ट मागे ओढून एकेक गोळी झाडायची रायफल एके रायफलसमोर काय करणार, ही टीका अगदी रास्त होती. पण प्रत्येक लाकडी दस्त्याची रायफल महायुद्धातली नसते. पश्चिम बंगालच्या ईशापूरच्या कारखान्यात ही घडण स्वातंत्र्यानंतरही तयार होत राहिली. १९६२ च्या चीन युद्धानंतर तिथेच तिची ७.६२ एमएमची आवृत्ती निघाली. तिचं नाव २ए, आणि थोडा बदल करून २ए१. लांबून बघाल तर हुबेहूब थ्री-नॉट-थ्री. ओळखायची कुठून, तर मॅगझिनवरून. थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते, त्यामुळे काडतुसं एकावर एक तिरकी बसतात आणि मॅगझिनचं बूड उतरतं दिसतं. ७.६२ ला तशी कड नाही, म्हणून २ए१ चं मॅगझिन चौकोनी, डब्यासारखं. आणि बोल्टच्या मुठीखाली, दस्ता जिथे बसतो त्या लोखंडावर, कारखान्याचा ठसा आणि साल असतं. दोघींची काडतुसं एकमेकींत चालत नाहीत. तपासात पुंगळी सापडली तर हा फरक फार मोठा.

'एके-५६' बद्दल दोनच वाक्यं. १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यानं हे नाव आपल्या घराघरांत नेलं, पण कलाश्निकोव्हनं या नावाची रायफल कधी काढली नाही, ती चीनची 'टाइप ५६'. पुढच्या माशीभोवती पूर्ण गोल कडं असतं, रशियन रायफलला ते वरून उघडं असतं.

इथे एक गंमत लक्षात घ्या. ४७ असो, ५६ असो, नावातला आकडा घडणीचा असतो. ते हत्यार त्या साली बनलं, असा अर्थ होत नाही. आणि आता मी ज्यासाठी हा भाग करतोय, तिकडे येतो.

३० जानेवारी १९४८, बिर्ला हाऊस. गांधीजींवर नथुराम गोडसेनं झाडलेलं हत्यार बेरेटा मॉडेल १९३४, क्रमांक ६०६८२४. या एका पिस्तुलाची किती वर्णनं मी वाचली असतील! कुणी रिव्हॉल्वर म्हणतो. कुणी '१९३४ साली बनलेलं' म्हणतो, आकड्याची तीच चूक. कुणी नुसतं '९ एमएम' लिहितो. ते ९ एमएम कोर्टो आहे, म्हणजे आखूड, पुंगळी १७ मिलिमीटरची, तेच .३८०. आपल्या पोलिसांच्या कार्बाइनमधलं ९ एमएम १९ मिलिमीटर पुंगळीचं, ते यात बसतच नाही. या मॉडेलच्या सैनिकी पिस्तुलांवर सालाच्या शेजारी रोमन आकडा असतो, मुसोलिनीच्या राजवटीचं कितवं वर्ष ते दाखवणारा. पिस्तुल खरंच कधी बनलं ते तिथे कळतं.

सगळ्यात महाग पडलेलं वर्णन म्हणजे 'सात चेंबरचं पिस्तुल'. २०१७ मध्ये मुंबईचे पंकज फडणीस सर्वोच्च न्यायालयात गेले. म्हणणं असं, की चौथी गोळी होती आणि ती दुसऱ्या कुणी तरी झाडली. बातम्यांत आलेला हिशेब असा: पिस्तुल सात गोळ्यांचं, चार न झाडलेल्या सापडल्या, सातातून चार गेले तीन, म्हणजे या पिस्तुलातून तीनच सुटल्या. मग चौथी कुठून आली?

आता हत्यार डोळ्यांसमोर आणा. रिव्हॉल्वरला फिरतं चक्र असतं, त्यात सहा-सात घरं, प्रत्येक घर म्हणजे एक चेंबर. तिथे सात म्हणजे सातच. पिस्तुलाला चेंबर एकच, नळीच्या मागच्या टोकाला. सात हा आकडा मुठीतल्या मॅगझिनचा. एक गोळी चेंबरमध्ये चढवून मॅगझिन पुन्हा पूर्ण भरलं तर आठ होतात. किंवा कुणी मॅगझिनमध्ये पाचच भरेल. त्यामुळे 'सात वजा चार' या वजाबाकीतून काहीच सिद्ध होत नाही. चौथी गोळी होती हेही नाही, नव्हती हेही नाही. खटल्यात तीन गोळ्या हे इतर पुराव्यानं ठरलं होतं. न्यायालयानं अमरेंद्र शरण यांना न्यायमित्र नेमलं, त्यांनी पुन्हा तपासाची गरज नाही असं सांगितलं, आणि २८ मार्च २०१८ ला याचिका फेटाळली गेली. पण ते फॉरवर्ड अजून फिरतंय. मला गेल्या महिन्यातही आलं, 'सात चेंबर'सकट.

हत्याराची नेमकी ओळख काय करू शकते, त्याचं उलटं उदाहरण नाशिकचं. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. लेखांत आणि भाषणांत सर्रास 'रिव्हॉल्वर' म्हणतात. पण ते ब्राउनिंग आहे हे कळल्यामुळेच धागा चतुर्भुज अमीन यांच्या पेटीतून आलेल्या वीस ब्राउनिंगपर्यंत आणि तिथून लंडनला सावरकरांपर्यंत गेला. नुसतं 'रिव्हॉल्वर' असं लिहून सोडलं असतं तर?

तुमच्याकडे अशी एखादी बातमी असेल तर कात्रणाचा फोटो पाठवा, फोटोओळीसकट. घरात जुनी बंदूक असेल तर तिच्या दोन्ही बाजूंचे आणि ठशांचे फोटो चालतील, पण ती भरलेली नाही असं गृहीत धरून चापाला हात लावू नका. ठासणीच्या बंदुकीत वर्षानुवर्षं दारू तशीच राहिलेली असू शकते. आणि परवान्याचं काय ते पोलीस ठाण्यात जाऊनच विचारा, मला नको.

चला, ओहोटी लागत आली, गाळात लाँच अडकायच्या आत मला भाऊच्या धक्क्याकडे निघायचंय. भेटू पुढच्या भागात.