शेवटच्या डब्यातली जागा

फाटकावर थांबून मालगाडीचे डबे आपण सगळ्यांनीच मोजले आहेत. अगदी शेवटी एक छोटा डबा येतो आणि त्यात बावटा घेऊन एक माणूस उभा असतो. तो गेला की गाडी संपली, फाटक उघडतं. माझे वडील असेच मालगाडीचे गार्ड होते. आम्ही भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलो, पण बाबांच्या त्या ब्रेक व्हॅनमध्ये आम्ही भावंडं एकदाही बसलो नाही. हट्ट केला की ते म्हणायचे, "अरे, तो बसायचा डबा नाही. कामाचा डबा आहे."

हे वाक्य मला आठवलं ते थेट अमेरिकेत. मुलाकडे गेलो असताना त्यानं मला कॅलिफोर्नियातल्या पोर्टोला या डोंगरातल्या गावी नेलं. तिथं वेस्टर्न पॅसिफिक रेल्वेच्या जुन्या डिझेल शेडमध्ये रेल्वेचं संग्रहालय आहे. आवारातच रूळ आहेत आणि त्यावर एक गाडी फेरी मारते. त्या दिवशी इंजिनामागे प्रवासी डबे नव्हतेच. होते ते सगळे 'कबूस'.

कबूस म्हणजे अमेरिकेतल्या मालगाडीचा शेवटचा डबा. हा शब्द मूळचा जहाजावरच्या स्वयंपाकघराचा. तो या डब्याला शोभतोही, कारण आत शेगडी, झोपायला फळ्या आणि हिशेब लिहायला टेबल असे. कंडक्टर आणि ब्रेकमन लांबच्या फेरीत इथंच जेवत-झोपत. बऱ्याच कबूसांच्या छपरावर काचेची उंच खोपटी असे. तिथं बसून पुढच्या वाघिणींवर नजर ठेवायची. कुठं धूर दिसला, तर आसाचं बेअरिंग तापलं आहे असं समजायचं आणि गाडी थांबवायची. वेळेवर दिसलं नाही, तर आस तुटून गाडी रुळांवरून उतरायची.

१९८०च्या दशकात हे काम यंत्रांकडे गेलं. शेवटच्या वाघिणीला अडकवलेली एक पेटी ब्रेकच्या नळीतला हवेचा दाब इंजिनाला कळवू लागली. तापलेली बेअरिंग रुळांशेजारची उपकरणं ओळखू लागली. हजारो कबूस निरुपयोगी झाले. बरेच भंगारात गेले, काही बागांमध्ये जाऊन उभे राहिले. त्याआधीच, १९७० साली, पेनसिल्व्हेनियात जुन्या कबूसांचं एक मोटेलही निघालं होतं. काही मात्र हौशी मंडळींच्या वारसा रेल्वेवर आले आणि त्यांत प्रवासी बसू लागले.

इथंच खरा प्रश्न सुरू होतो. हा डबा प्रवाशांसाठी बांधलेलाच नाही. पायऱ्या उंच, खोपटीत चढायची शिडी उभी, शेगडीचे आणि टेबलाचे कोपरे लोखंडी. शिवाय धक्का! दोन वाघिणींच्या जोडणीत थोडी ढिलाई असते. लांब गाडीत प्रत्येक जोडणीची ढिलाई साठत जाते. इंजिन ओढू लागलं की एकेक वाघीण हिसका खात निघते आणि सगळ्यात मोठा हिसका शेवटच्या डब्याला बसतो. उभा असलेला माणूस भिंतीवर आपटून जायबंदी होत असे. वारसा रेल्वेची गाडी आखूड आणि सावकाश चालणारी, म्हणून धक्का कमी. पण नाहीसा होत नाही.

मग करायचं काय? गुबगुबीत खुर्च्या बसवल्या, तर तो कबूस उरत नाही. जसाच्या तसा ठेवला, तर एखादं पोर पडायचं. नुसता उभा करून ठेवला, तर ऊनपावसात लाकूड कुजतं. माझं मत असं, की ब्रेक, फळ्या आणि धरायचे दांडे चोख करावेत, गाडी हलण्याआधी सगळ्यांना बसवावं, उघड्या सज्ज्यावर कुणाला उभं राहू देऊ नये. बाकी शेगडी, टेबल, कठीण बाक तसंच राहू द्यावं. तिकिटाच्या पैशातून डुगडुगीची डागडुजी होते, म्हणून डबा चालता ठेवणंच बरं.

मी खोपटीत जाऊन बसलो. गाडी सुटली आणि हिसका बसून माझा खांदा भिंतीला लागला. एवढाच, लहानसा. पण मला बाबा आठवले. ड्यूटीवरून आले की ते पलंगावर न झोपता जमिनीवर चटई टाकून पडायचे. आम्हाला वाटे, त्यांची सवयच तशी. त्यांची पाठ रोज काय सोसत होती, हे मला त्यांच्या मागे इतक्या वर्षांनी, परक्या देशातल्या पाच मिनिटांत कळलं.

इंग्लंडमध्येही हौशी रेल्वेवर जुन्या ब्रेक व्हॅनमधून लोकांना फिरवतात आणि आपल्या ब्रेक व्हॅन त्याच घराण्यातल्या. आपल्याकडे २०२२ साली गार्ड हे पदनाम जाऊन 'ट्रेन मॅनेजर' आलं. काम बदलतं आहे, ते बदलणारच. पण एखादी जुनी ब्रेक व्हॅन आपल्या संग्रहालयांनीही चालती ठेवावी, अर्धा किलोमीटर का होईना. गार्डांच्या मुलानातवंडांना तिच्यात बसू द्यावं. फक्त तिथं गादी घालू नये.