आवाजाची मशागत

श्रोतेहो, बैलाचा खांदा आला, तर शहाणा शेतकरी त्याला औताला जुंपीत नाही. पण ज्या गळ्यावर आपली भाकरी अवलंबून, त्या गळ्याला अशी सुटी किती जण देतात? शाळेतले गुरुजी आणि बाई, कीर्तनकार, शाहीर, बाजारात लिलाव पुकारणारे ही सारी आवाजावर जगणारी माणसे. दुपारपर्यंत घसा बसतो. 'धंदाच असा, चालायचंच!' असे म्हणून ती तसाच गाडा रेटतात. मला आज एवढेच सांगायचे आहे, की हे चालायचे नाही. जमिनीसारखी आवाजाचीही मशागत करावी लागते.

आधी आवाज निघतो कसा, ते पाहू. बाजाची पेटी तुम्ही पाहिली आहेच. भात्याची हवा आतल्या पितळी पट्ट्यांना थरथरवते आणि सूर निघतो. आपला भाता म्हणजे फुप्फुसे. पट्ट्या म्हणजे कंठातले दोन स्वरतंतू. लांबी फार तर दोन-अडीच सेंटीमीटर. बोलताना ते पुरुषांत सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा आणि स्त्रियांत दोनशेच्या आसपास एकमेकांवर आपटतात. पुढे घसा, तोंड आणि नाक तंबोऱ्याच्या भोपळ्याचे काम करतात. हे तंतू गाताना कसे हलतात, ते एका गायनशिक्षकाने पाहिले. मॅन्युएल गार्सिया याने १८५४ साली घशात छोटा आरसा धरला, त्यावर सूर्यप्रकाश पाडला आणि स्वतःचेच स्वरतंतू पाहिले.

रोज ओरडून बोलले, की हे तंतू जोराने आपटतात. रुमणे धरून हाताला घट्टे पडतात ना, तशाच बारीक गाठी त्यांच्यावर येतात. आवाज चिरका होतो, फुटतो. वेळीच विश्रांती आणि योग्य शिक्षण मिळाले, तर अशा गाठी पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून जातात.

म्हणून जोर घशाचा नको, श्वासाचा हवा. ताठ बसा. खांदे न उचलता श्वास घ्या. पोट आणि खालच्या बरगड्या फुगल्या पाहिजेत. मग 'स्‌ऽऽ' करीत तो सावकाश सोडा. पुढे ओठ मिटून खालच्या सुरात गुणगुणा. शहाळ्याला लावतात तशी नळी पेलाभर पाण्यात दोन बोटे बुडवून 'ऊऽऽ' म्हणा, बुडबुडे निघू द्या. पाच मिनिटांचे काम; पण तंतूंना हलका व्यायाम होतो.

श्वासाचे मोल पं. कुमार गंधर्वांच्या गाण्यात कळते. आवाजाच्या साधनेचा शास्त्रीय अभ्यास करणारे प्रा. बी. आर. देवधर हे त्यांचे गुरू. १९४७च्या सुमारास कुमारजींना क्षयाने गाठले. देवासला ते काही वर्षे अंथरुणावर होते. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले. तरी ते पुन्हा गायला उभे राहिले, आणि कमी श्वासात बसणाऱ्या छोट्या, नेमक्या स्वराकृतींनी त्यांनी आपले गाणे घडवले. भाता लहान असला तरी वारा जपून खर्चता येतो.

आता गुरुजनांसाठी दोन गोष्टी. वर्गाच्या गोंगाटावर आवाज चढवू नका. टाळी वाजवा, घंटी ठेवा, नाहीतर नुसते गप्प उभे राहा; मुले आपोआप बघतात. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. एखादा धडा मुलांकडूनच मोठ्याने वाचून घ्या. त्यांचा सराव होतो, तुमचा गळा निवतो. घडोघडी खाकरू नका. घसा बसला असता कुजबुजणे ही विश्रांती नव्हे. त्यानेही ताण पडतो. मध, आले, खडीसाखर यांनी घशाला बरे वाटते, पण गिळलेली वस्तू स्वरतंतूंना लागत नाही, ती अन्ननलिकेत जाते. तंतू ओले राहतात ते दिवसभर पाणी पिण्याने.

आणि वर्गातल्या पोरांचेही पाहा. बारा ते पंधराच्या वयात मुलाचा आवाज फुटतो. काल प्रार्थना सांगणारा मुलगा आज बेसूर होतो. त्याला हसू नका, उंच पट्टीत ओढू नका. थोडे महिने खालच्या सुरात गाऊ द्या. त्या वेळी झालेला अपमान पुष्कळांचे गाणे जन्माचे बंद करतो.

शेवटी एक गोष्ट गाठीला बांधा. तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसलेला राहिला, तर घरगुती उपायात दिवस घालवू नका. जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. तंबाखू, विडी ओढणाऱ्यांनी तर मुळीच थांबू नये. ती कर्करोगाची पहिली खूण असू शकते, आणि लवकर कळला तर तो बरा होण्याची आशा पुष्कळ असते.

गळा एकच आहे, मंडळी. त्याच्याकडून काम घ्या, पण बैलाइतकी तरी त्याची काळजी करा.