चालू गाडी आणि चांगली गाडी

(मुंबईत परळच्या भोईवाड्यात फटफट्या दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने, गावी आल्यावर प्रौढांच्या रात्रवर्गापुढे केलेले भाषण)



गुरुजी मला म्हणाले, "चार शब्द बोला." मी म्हणालो, "गुरुजी, मी काय बोलणार? मी पाना-पक्कड धरणारा माणूस. माझे हात तेलाने काळे." गुरुजी म्हणाले, "मग त्या हातांचेच सांगा." तेव्हा आज हातांचे सांगतो.

मी मुंबईला परळमध्ये भोईवाड्यात राहतो. भोई लोकांची वस्ती, म्हणून नाव भोईवाडा. भोई म्हणजे पालखी वाहणारे, मासे धरणारे लोक. माझे वडील गिरणीत होते. १९८२ साली गिरण्यांचा मोठा संप झाला. पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली. वडिलांचे काम गेले. मी एका गॅरेजात झाडू मारायला लागलो आणि तिथेच फटफटीचे काम शिकलो. आता तुम्ही तिला बाईक म्हणता. म्हणा. गाडी तीच.

आज आपल्या गावात दारोदार गाडी आहे. कुणी नवी घेतली आहे, पण बहुतेकांची जुनी आहे. कुणी मुंबईहून आणलेली, कुणी भावाची वापरलेली. जुनी गाडी घेणे वाईट नाही. पण ती घेताना आपण काय पाहतो? किक मारतो. सुरू झाली की म्हणतो, "गाडी चालू आहे. चांगली आहे." इथेच आपण फसतो. चालू गाडी वेगळी आणि चांगली गाडी वेगळी.

माझ्या भाच्याची गोष्ट सांगतो.

भाचा परळलाच नोकरी करतो. २०२४ साली त्याने शेजाऱ्याकडून एक गाडी घेतली. हिरो होंडाची स्प्लेंडर, २००९ सालची. शंभर सीसीची म्हणतात, खरे माप ९७.२ सीसी. ही जात गुणी आहे, बरं का. हिरो होंडाने १९८५ साली सीडी १०० ही लहान गाडी आणली आणि १९९४ साली स्प्लेंडर आणली. पेट्रोल कमी पिते. वेळेवर ऑइल बदलले तर इंजिन वर्षानुवर्षे कुरकुर करीत नाही.

भाचा म्हणाला, "मामा, गणपतीला गावी गाडीनेच जाणार. आईला मागे बसवून नेतो."

त्याची आई म्हणजे माझी बहीण. मुंबई ते चिपळूण म्हणजे सुमारे अडीचशे किलोमीटर. भाद्रपदातला पाऊस. वाटेत कशेडीचा घाट.

मी म्हणालो, "आधी गाडी माझ्याकडे आण. पाहू दे."

"काय पाहायचं मामा? एका किकला सुरू होते!"

"अरे, सुरू होते हे ठीक आहे. पण थांबते का?"

तो हसला. पण गाडी घेऊन आला.

मी गाडी डबल स्टँडवर लावली. इंजिन ऐकले. घड्याळासारखे चालत होते. त्यात एकही दोष नव्हता. मग बाकीची गाडी पाहिली.

पुढच्या टायरच्या बाजूला बारीक चिरा होत्या. टायरवर इंग्रजीत चार आकडे होते, २२१५. म्हणजे २०१५ सालच्या बाविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. नऊ वर्षांचे जुने रबर! खाचासुद्धा झिजलेल्या.

मागचा ब्रेक दाबला. चाकापाशी ब्रेकच्या दांडीवर एक लहान बाण असतो आणि शेजारी एक खूण असते. ब्रेक पुरता दाबल्यावर बाण त्या खुणेला टेकला, तर आतले ब्रेकशू झिजले असे समजावे. भाच्याच्या गाडीचा बाण खुणेच्या पुढे गेला होता.

चेन बोटाने खालीवर करून पाहिली. साधारण एक इंच हलावी. ही दोन इंच हलत होती. अशी चेन वेगात उतरली आणि मागच्या चाकात अडकली, तर चाक जागच्या जागी थांबते.

पुढचे चाक जमिनीवरून उचलून धरले. दोन्ही नळ्या खालून पकडल्या आणि मागेपुढे हलवल्या. कट् कट् असे लागले. हँडलचा कोनसेट सैल होता.

शेवटी भाच्याला मागे उभे केले आणि ब्रेक दाबला. विचारले, "दिवा लागला?" तो म्हणाला, "नाही." म्हणजे घाटात अंधारात हा थांबला, तर मागच्या ट्रकवाल्याला कळणारच नाही.

पाहा मंडळी! इंजिनात दोष शून्य. बाकी गाडीत दोष पाच. आणि पाचही असे, की गाडी सुरू व्हायला एकाचीही अडचण नाही. इंजिन बिघडले तर गाडी बंद पडते. आपण चिडतो, पण घरी चालत तरी येतो. ब्रेक बिघडला तर गाडी बंद पडत नाही. ती चालतच राहते. भरवशाच्या इंजिनाचा धोका हाच आहे. ते कधी तक्रार करीत नाही, म्हणून आपण बाकीच्या गाडीकडे पाहतच नाही.

मी किल्ली खिशात टाकली. म्हणालो, "तुझी आई ह्या गाडीवर बसणार नाही." भाचा रुसला. त्या वर्षी मायलेक एसटीने गावी गेले. चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

आता तुम्ही विचाराल, "सरकार गाड्या तपासत नाही का?" तपासते. त्याला आपण पासिंग म्हणतो. पण ते केव्हा होते, हे नीट समजून घ्या.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे घरच्या गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षे चालते. पंधरा वर्षे झाली की गाडी आरटीओ कार्यालयात दाखवावी लागते. तिथे इन्स्पेक्टर साहेब नंबर, दिवे, हॉर्न, ब्रेक, टायर पाहतात. गाडी लायक ठरली तर नोंदणी पाच वर्षे वाढते. मग पुन्हा पाच वर्षांनी तपासणी. नोंदणी संपल्यावर गाडी चालवणे म्हणजे बिननोंदणीची गाडी चालवणे. तो गुन्हा आहे.

ब्रिटनमध्ये कसे आहे? तिथे १९६० साली जुन्या गाड्यांची सक्तीची तपासणी सुरू झाली. सुरुवातीला ती दहा वर्षांच्या गाड्यांना होती. आता गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी तपासतात. लहान मोटारसायकलही सुटत नाही. जुनी गाडी घेणाऱ्याला तिचा नंबर सांगून मागच्या तपासण्यांचे निकाल पाहता येतात. कोणत्या साली ब्रेक नापास झाला, कोणत्या साली टायर, सगळे कळते.

आपल्याकडे पहिल्या पंधरा वर्षांत घरच्या फटफटीची अशी तपासणी होत नाही. दर वर्षाचा निकाल कुठे लिहिलेला नसतो. मग ह्या पंधरा वर्षांत तपासनीस कोण? तुम्हीच!

भाच्याची गाडी पंधरा वर्षांची झालीच होती. आम्ही पाचही दोष काढले. ताडदेवच्या आरटीओकडे अर्ज केला. तपासणीच्या दिवशी इन्स्पेक्टर साहेब म्हणाले, "हॉर्न ऐकू येत नाही. दुरुस्त करून आणा." मी तीस वर्षांचा कारागीर, आणि हॉर्न पाहायचा विसरलो! भाचा गालात हसला. आमचे भांडण तिथे मिटले. हॉर्न बदलून गाडी पुन्हा नेली. पास झाली. नोंदणी २०२९ पर्यंत वाढली.

पण मी भाच्याला सांगितले, "साहेबांनी आजची गाडी पाहिली. पुढच्या महिन्यातली गाडी तू पाहायचीस."

आता कागदांचे सांगतो. तुम्ही वाचायला शिकलात, त्याचा इथे मोठा उपयोग आहे. जुनी गाडी घेताना आरसी मागा. त्यावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी ताडून पाहा. एकेक आकडा बोट ठेवून वाचा. एक आकडा जरी चुकला, तरी पैसे देऊ नका. नोंदणी कोणत्या तारखेपर्यंत आहे, ते वाचा. विमा वाचा. विमा नसलेल्या गाडीने कुणाला इजा झाली, तर भरपाईपायी घर आणि शेत जायची पाळी येते. धुराचा दाखला, म्हणजे पीयूसी, वाचा. अशा जुन्या गाडीचा दाखला सहा महिनेच चालतो. आणि गाडी आपल्या नावावर करून घ्या. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचे असते. "नंतर करू" म्हटले की ते राहून जाते.

शेवटी एक गोष्ट सांगतो. ही मी फारशी कुणाला सांगत नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्याकडे एक दूधवाला आला. संध्याकाळ झाली होती. पाऊस भुरभुरत होता. म्हणाला, "किक बसत नाही. तेवढी करून द्या." मी किक करून दिली. गाडी सुरू झाली. त्याच्या मागच्या टायरवर माझी नजर गेली. टायर हाताच्या तळव्यासारखा गुळगुळीत झाला होता. मनात आले, सांगावे. पण उशीर झाला होता, मला घरी जायचे होते. त्याने विचारले नाही. मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ओल्या रस्त्यावर गाडी घसरली. पायाचे हाड मोडले. सहा महिने तो घरी बसला. दुधाची गिऱ्हाइके गेली. मी भेटायला गेलो, तर बिचारा मलाच म्हणाला, "तुमची किक झकास झाली होती हो!" मला मान वर करवेना.

तेव्हापासून माझ्याकडे गाडी कशासाठीही येवो, मी पाच ठिकाणी हात लावतोच. टायर, ब्रेक, चेन, हँडल, दिवे. आणि आता सहावा हॉर्न! गिऱ्हाईक कधी रागावते. म्हणते, "नको ते काम काढता." रागावू दे.

पालखीचा दांडा तडकला आहे, हे दिसत असताना भोई ती खांद्यावर घेईल का? नाही घेणार. कारण आत माणूस बसणार असतो. आपल्या गाडीवरही माणूसच बसतो. कधी आई बसते, कधी शाळेतली पोर बसते.

तर एवढे करा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गाडीपाशी दहा मिनिटे बसा. ह्या सहा गोष्टी पाहा. टायरच्या खाचांत मधेमधे लहान उंचवटे असतात. टायर झिजून त्या उंचवट्यांशी सपाट झाला, की तो बदला. रोज गाडीवर बसण्याआधी ब्रेक दाबून पाहा. डोक्यावर हेल्मेट घाला आणि मागे बसणाऱ्यालाही द्या.

आणि घरी एक लहान वही करा. तीत तारीख लिहा. काय पाहिले, काय बदलले, ते लिहा. उद्या गाडी विकलीत, तर ती वही घेणाऱ्याच्या हातात द्या. म्हणजे तुमच्या गाडीचा निकाल कुठे लिहिलेला नाही, असे होणार नाही. तो तुमच्याच अक्षरात लिहिलेला असेल.

माझे बोलणे संपले. आता बाहेर ज्यांच्या गाड्या उभ्या आहेत, त्यांनी बॅटरी घेऊन माझ्याबरोबर चला. पाहू या.