सावकाराची वही आणि वसुलीवाल्याचे यंत्र

(काठी, तालुका अक्कलकुवा, येथे होळीनंतर जमलेल्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



काठीत उभे राहून होळीविषयी काहीच बोलायचे नाही, हे शोभणारे नाही. तो उंच बांबू, हातांनी उकरलेला खड्डा, पहाटे पेटणारी होळी हे सारे तुम्ही माझ्याहून अधिक जाणता. मला त्यातली एकच गोष्ट आज हवी आहे. होळीला माणूस घरी येतो. बारडोलीकडच्या उसाच्या फडातून, सुरतेच्या बांधकामावरून, पदरात जे काही पडले असेल ते घेऊन तो डोंगर चढतो. ही गोष्ट जशी त्याच्या लेकरांना ठाऊक असते, तशी ती वसुली करणाऱ्यालाही ठाऊक असते. होळीच्या आधल्या आठवड्यात पाड्यापाड्यांतून ज्या मोटारसायकली फिरताना दिसतात, त्या सगळ्याच काही सणासाठी आलेल्या नसतात.

येथून जवळच्याच एका पाड्यावर मी जे पाहिले ते आधी सांगतो. नाव सांगणार नाही. त्या बाईला अद्याप तेथेच राहायचे आहे. दहा जणींचा एक गट होता. त्यातील एकीचा नवरा फडात आजारी पडला आणि तिचा हप्ता चुकला. वसुलीवाला स्वतः काही बोलला नाही. त्याने उरलेल्या नऊ जणींना तिच्या दारात बसवले आणि सांगितले की, हिचा हप्ता आल्याखेरीज तुमच्यापैकी कोणालाही पुढचे कर्ज मिळणार नाही. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्या नऊ जणी बसून होत्या. त्यांच्यात तिची सख्खी जाऊ होती. शेवटी तिने शेळी विकली. शेळी घेणारा कोण, तर आमचूर आणि मोहफुले पडत्या भावाने घेणारा तोच जुना व्यापारी. म्हणजे नव्या वसुलीचे पैसे जुन्या सावकाराच्याच पेटीतून आले, आणि बाई दोघांचीही बांधील झाली.

तिच्याजवळ तीन कंपन्यांची तीन कार्डे होती. प्रत्येक कार्डावर घरचे उत्पन्न निराळे लिहिलेले. ‘तुम्ही एवढे सांगितले होते का?’ असे विचारता ती म्हणाली, ‘भाऊ, मला कोणी विचारलेच नाही.’

आपल्या चळवळीला सावकार नवा नाही. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावात कुणब्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे बाहेर काढून जाळले. सरकार खडबडून जागे झाले आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. आपल्या भागातील इतिहास याहून जवळचा आहे. शहादा-तळोद्याच्या सपाटीवर आदिवासींच्या जमिनी कर्जापायी गेल्या आणि जमिनीचा मालक आपल्याच शेतावर सालदार झाला. अंबरसिंग महाराजांनी आणि 1972 साली उभ्या राहिलेल्या श्रमिक संघटनेने हा प्रश्न चव्हाट्यावर आणला. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा 1974 चा कायदा आकाशातून पडला नाही. त्यामागे या परिसरातील माणसांच्या पायांची धूळ आहे. पुढे 22 ऑगस्ट 1975 च्या वटहुकुमाने अल्पभूधारक, भूमिहीन मजूर, ग्रामीण कारागीर यांची सावकारी कर्जे रद्द झाली. सावकार न्यायालयात गेले, आणि 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने न्या. कृष्ण अय्यर यांच्या निकालाने तो कायदा उचलून धरला.

परंतु एक गोष्ट तेव्हाही राहून गेली. सावकाराचे कर्ज रद्द केले. सावकाराकडे जाण्याची गरज रद्द केली नाही. पावसाळ्याच्या तोंडावर घरातील धान्य संपते, ते त्याही वर्षी संपले. आदिवासी विकास महामंडळाचे खावटी कर्ज 1978 पासून आले ते याच खड्ड्यात माती टाकण्यासाठी. ती माती किती अपुरी होती ते तुम्हांला सांगावयास नको. करोनाच्या काळात, 2020 साली, खावटीचे अनुदान झाले ते कुटुंबामागे 4000 रुपये, त्यातही निम्मे वस्तूंच्या रूपाने. शासनाने जेथे पाऊल आखडते घेतले, तेथे मुकादमाने आपली खावटी सुरू ठेवली. बारडोलीच्या साखर कारखान्यांना ऊस तोडून देणारा खानदेशी आदिवासी उचलीच्या दोराने कसा बांधला जातो, हे यान ब्रेमान या डच अभ्यासकाने सत्तरच्या दशकातच लिहून ठेवले. त्यांच्या लिखाणाला अर्धे शतक होत आले तरी कोयता तोच आहे.

आता या नव्या वसुलीवाल्याचा हिशेब पाहू. त्याच्यावर रागावण्याआधी तो समजून घेतला पाहिजे, कारण आपले अनेक कार्यकर्ते येथेच फसतात. पावसाळ्यात घेतलेल्या धान्यावर पाच महिन्यांनी सवाई द्यावी लागली, तर ते वर्षाला शेकडा 60 व्याज होते. दिढी असेल तर शेकडा 120. कंपनीचा माणूस सांगतो, ‘आमचे फक्त बारा टक्के.’ ऐकणाऱ्याला ही सुटका वाटते, आणि सावकाराच्या तुलनेत ती काही अंशी सुटका आहे, हे मी नाकारणार नाही. परंतु हे बारा टक्के जर मूळ रकमेवर वर्षभर सरसकट लावले असतील, तर 10,000 रुपयांवर व्याज 1200 आणि बारा हप्ते सुमारे 933 रुपयांचे. दर महिन्याला मुद्दल फिटत जाते, व्याज मात्र पूर्ण मुद्दलावर चालू राहते. खरा दर काढला तर तो शेकडा साडेएकवीसच्या आसपास येतो. शिवाय आरंभीच कापलेले शुल्क आणि विमा यांचा हिशेब वेगळा. विम्याची पावती कोणी पाहिली आहे का, असे मी त्या पाड्यावर विचारले, तेव्हा बायका एकमेकींकडे पाहू लागल्या.

व्याजाच्या दराहूनही हप्त्याची लय अधिक घातक आहे. नोकरदाराचा पगार महिन्याला येतो, म्हणून त्याला महिन्याचा हप्ता पेलतो. सातपुड्यातील घरात पैसा येतो तो मोहाच्या दिवसांत, आमचुराच्या दिवसांत आणि फड संपल्यावर. मधले महिने कोरडे. त्या कोरड्या महिन्यांतील हप्ता कमाईतून फिटत नाही. तो दुसऱ्या कंपनीच्या कर्जातून फिटतो, आणि दुसरीचा तिसरीच्या. तीन कार्डांचे रहस्य हे आहे. यात बाईची उधळपट्टी शोधणाऱ्या शहाण्यांची मला कीव येते.

येथे थोडे स्वतःविषयीही बोलले पाहिजे. बायकांनी एकत्र यावे, गट करावेत, असे आपणच गावोगाव सांगत फिरलो. 1992 पासून बँकांशी जोडलेले बचत गट आले, त्यांत बायका आधी आपला पैसा साठवीत आणि आपसांत ठरवून कर्ज देत. कंपन्यांचा गट बाहेरून तसाच दिसतो. पण त्यात साठवण नाही, निर्णय नाही, आहे ती फक्त एकीच्या मानेवर दुसरीचा हात ठेवणारी जबाबदारी. हा फरक आपण वेळीच समजावून सांगितला नाही.

दुसरी चूक अधिक बोचणारी आहे. पैशाचे नियोजन करून देतो, पाच-सहा वर्षांत दुप्पट करून देतो, असे सांगणारे लोक आले तेव्हा त्यांनी दलाल म्हणून कोणाला निवडले? ज्याच्या शब्दावर गाव विश्वास ठेवते त्याला. मास्तरला, ग्रामसेवकाच्या भावाला, आणि आपल्या शिबिरांतून भाषण करायला शिकलेल्या पोरांना. पीएसीएल या एका कंपनीनेच देशभरातील सुमारे 5 कोटी 85 लक्ष लोकांकडून 49,100 कोटी रुपये गोळा केले होते. 2014 साली सेबीने ते परत करण्याचा आदेश दिला आणि 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्या. लोढा यांची समिती नेमली गेली. परताव्याचे अर्ज 2019 साली मागवले ते संगणकावरून! ज्या माणसाने पत्र्याच्या पेटीत पावत्या जपल्या, त्याने अर्ज कोठे करावा? महाराष्ट्रात ठेवीदारांच्या रक्षणाचा कायदा 1999 पासून आहे. परंतु फसलेला माणूस पोलिसांत जात नाही, कारण त्याला पैसे भरायला लावणारा त्याचा मेहुणा असतो.

आणि तो मोटारसायकलीवरचा मुलगा? तोही आपलाच. मोलगीच्या रस्त्यावर एकाला मी थांबवले. बारावी झालेला, भिल्ल समाजातला. तो म्हणाला, ‘दादा, वसुली कमी झाली तर माझे पैसे कापतात. मी नाही आलो तर उद्या शहाद्याचा कोणी येईल. त्याला तर आपली बोलीही येत नाही.’ मला त्याच्याशी वाद घालता आला नाही. मात्र त्याला शत्रू मानणाऱ्या घोषणा मी देणार नाही.

‘कोणीही हप्ता भरू नका’ ही घोषणाही मला मान्य नाही, हे येथे स्पष्ट सांगतो. काही तरुण साथींना ते आवडणार नाही. आंध्रात 2010 साली आत्महत्यांनंतर वटहुकूम आला, वसुली थांबली, आणि नव्या कर्जाची वाटही बंद झाली. गरज तशीच राहिली. आपल्याकडे अशी वाट बंद झाली तर पहिला आनंद मुकादमाला होईल.

मग कायद्यात काय आहे? 2014 चा महाराष्ट्र सावकारी कायदा चांगला आहे. विनापरवाना सावकारी हा त्याखाली गुन्हा आहे आणि सावकाराने कर्जापोटी बळकावलेली जमीन पंधरा वर्षांपर्यंतच्या व्यवहारांत परत मिळवता येते. अर्ज सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे करावयाचा. पण रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 10 मे 2022 रोजी दिला. तेव्हा त्या बाईच्या बाबतीत हा कायदा हातात घेऊन उपयोग नाही. तिच्यासाठी आहेत ते रिझर्व्ह बँकेचे 2022 चे नियम. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे असे कर्ज विनातारण असले पाहिजे. घरातील सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. वसुली ठरलेल्या ठिकाणीच व्हावी; लागोपाठ दोनदा कर्जदार तेथे आला नाही तरच घरी जाता येते. सकाळी नऊच्या आधी आणि सायंकाळी सहानंतर फोनवर तगादा लावण्यास मनाई, नातेवाइकांना व शेजाऱ्यांना छळण्यास मनाई. विमा सक्तीचा नाही. आणि कार्ड कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवे. व्याजदरावर मात्र या नियमांनी कोणतीही कमाल मर्यादा ठेवलेली नाही, ती मोठी उणीव आहे. कर्नाटकाने 2025 साली जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद केली, तमिळनाडूनेही त्याच वर्षी कायदा केला. आपण विधिमंडळाकडे मागणी करताना हे दोन्ही मसुदे समोर ठेवावेत.

समजेल अशी भाषा म्हणजे कोणती? मी पाहिलेली तिन्ही कार्डे मराठी आणि इंग्रजीत होती. घरात बोलली जाते ती भिल्ली किंवा पावरी.

म्हणून कामाची वाटणी करून आज उठू या. मोलगीच्या बाजारच्या दिवशी झाडाखाली दोन माणसे बसतील. एक कागद वाचणारा आणि एक बोलीत सांगणारा. ज्या बायका येतील त्यांची सर्व कार्डे एका कागदावर उतरवायची: कंपनी, मूळ रक्कम, हातात पडलेली रक्कम, हप्ता, लिहिलेले उत्पन्न. जेथे निम्म्याची मर्यादा ओलांडलेली दिसेल तेथे प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार, पोच घेऊन; महिन्याभरात उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्याला पैसे लागत नाहीत. जेथे खासगी सावकार निघेल तो कागद वेगळा ठेवायचा आणि नंदुरबारला निबंधकाकडे न्यायचा. कार्बनपेपर आणि दोन वह्या मी आणल्या आहेत. बोलीत सांगण्याचे काम कोण घेणार, त्यांनी हात वर करावा. शक्य तो त्यांत बायकाच असाव्यात.