रक्तातलं होमोसिस्टीन आणि ताटातलं मीठ

(करंजा येथील रक्तदाब तपासणी शिबिरात एका डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आज सकाळपासून तीन-चार जणांनी मला लॅबचे कागद दाखवले. फुल बॉडी पॅकेज केलेले, पाच-सहा पानांचे. त्यातल्या एका ओळीखाली लाल रेघ. होमोसिस्टीन जास्त. प्रत्येकाचा प्रश्न एकच : 'डॉक्टर, माझं बीपी यानेच वाढलंय का? मग ती रोजची गोळी सोडून यावरचं औषध घेऊ का?' तेव्हा ठरवलं होतं ते भाषण बाजूला ठेवतो आणि यावरच बोलतो.

होमोसिस्टीन हे एक अमिनो ॲसिड आहे. मासे, मटण, अंडी, डाळ यांतलं प्रथिन पोटात फुटतं, त्याचे बारीक तुकडे रक्तात जातात, ती अमिनो ॲसिडं. त्यातलं मेथिओनिन नावाचं एक शरीर वापरतं आणि वापरून झाल्यावर होमोसिस्टीन उरतं. शरीर ते फेकत नाही, बरंचसं परत मेथिओनिन करून वापरतं. या कामाला दोन जीवनसत्त्वं लागतात : बी-१२ आणि फॉलिक ॲसिड. ती कमी पडली की होमोसिस्टीन रक्तात साचतं आणि रक्तवाहिनीच्या आतल्या नाजूक अस्तराला त्रास देतं.

त्या अस्तराचं काम काय? ते आर्जिनिन नावाच्या दुसऱ्या अमिनो ॲसिडपासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करतं. त्याने वाहिनी सैल होते, दाब उतरतो. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट त्याच वाटेने काम करते. या शोधाला 1998 चं नोबेल मिळालं. गंमत अशी की आल्फ्रेड नोबेल यांनी ज्या नायट्रोग्लिसरीनपासून सुरुंगाची दारू केली, तेच म्हातारपणी डॉक्टरांनी त्यांना हृदयासाठी लिहून दिलं होतं.

म्हणजे अमिनो ॲसिडांचा रक्तदाबाशी संबंध आहे, हे खरं. पण संबंध असणं वेगळं आणि ते औषध असणं वेगळं. बाजार नेमका या दोहोंमधल्या फटीत दुकान मांडतो.

आर्जिनिनची पावडर आता जिमच्या दुकानात मिळते. अमेरिकेत हार्ट अटॅक येऊन गेलेल्या 153 रुग्णांवर तिची चाचणी झाली, 2006 मध्ये ती छापून आली. निम्म्यांना आर्जिनिन, निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी. सहा महिन्यांत आर्जिनिन घेणाऱ्यांतले सहा जण गेले, दुसऱ्या गटातला एकही नाही. चाचणी मध्येच थांबवावी लागली. सहा हा आकडा लहान आहे, योगायोगही असू शकेल. पण ज्याच्या घरात हृदयाचा रुग्ण आहे, त्याने तो डबा आणू नये, इतकं मी नक्की सांगेन.

होमोसिस्टीनचंही तसंच. हृदयविकाराच्या किंवा मधुमेहाच्या साडेपाच हजार रुग्णांना पाच वर्षं फॉलिक ॲसिड, बी-६ आणि बी-१२ दिलं. होमोसिस्टीन उतरलं, हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत. लकवा मात्र थोडा कमी दिसला. पुढे चीनमध्ये बीपीच्या वीस हजारांहून जास्त रुग्णांवर चाचणी झाली, 2015 साली निकाल आला. बीपीच्या गोळीबरोबर फॉलिक ॲसिड दिलं, तेव्हा लकव्याचं प्रमाण 3.4 टक्क्यांवरून 2.7 वर आलं. ऐकायला छान वाटतं. पण नीट ऐका : बीपीची गोळी दोन्ही गटांना होती, आणि बीपी दोन्ही गटांचं जवळपास सारखंच राहिलं. फॉलिक ॲसिड गोळीच्या जोडीला होतं, गोळीच्या जागी नव्हतं.

मग तो कागद फाडून टाकायचा का? नाही. लाल रेघेचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की बी-१२ तपासा. पुण्यात के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले मिळून 441 पुरुष तपासले. 2006 साली आकडे छापले : 67 टक्क्यांचं बी-१२ कमी, 58 टक्क्यांचं होमोसिस्टीन जास्त. सगळ्यात वाईट स्थिती गरिबांची नव्हती, शहरी मध्यमवर्गाची होती. बी-१२ मासे, मटण, अंडी, दूध यांतूनच मिळतं, त्यामुळे शाकाहारी माणसाला धोका जास्त.

इथे करंजात तुम्ही म्हणाल, आमच्या घरी मासळी रोजची, आम्हाला काय होतंय! बऱ्याच अंशी बरोबर आहे. पण 'आमचं घर मांसाहारी' म्हणजे घरातलं प्रत्येक माणूस मांसाहारी असं नाही. हंडी मटणाची असते, घरच्या बाईच्या वाट्याला रस्सा येतो. म्हातारीला दात नसतात, ती पेजेवर राहते. साठीनंतर पोट बी-१२ नीट शोषत नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ उतरतं, ॲसिडिटीची गोळी कायम घेणाऱ्यांचंही. अशा माणसाच्या तळपायाला मुंग्या येत असतील, चालताना तोल जात असेल, तर बी-१२ तपासा आणि कमी असेल तर भरून काढा. ते नसांसाठी आणि रक्तासाठी. त्याने बीपी उतरेल या आशेवर राहू नका.

आता बीपीकडे येऊ. देशभरच्या मोठ्या पाहणीचे आकडे 2023 मध्ये आले, प्रौढांपैकी 35.5 टक्के लोकांना उच्च रक्तदाब. तीनात एक. या मांडवात मोजा.

उरण म्हणजे मिठागरांचा तालुका. मीठ इथे कधी महाग नव्हतं, आणि आपल्या जिभेला ते कळतं. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला 5 ग्रॅम म्हणते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, त्यात सगळं आलं : आमटी, भाकरी, लोणचं, पापड. सुक्या मासळीबद्दल मला नेहमी विचारतात. नुसते उन्हात वाळवलेले बोंबील वेगळे आणि मिठात मुरवलेला खारा बांगडा वेगळा. बोंबील खा. खारं खायचंच तर पाणी बदलून दोनदा भिजवा, आणि त्या कालवणात वरून मीठ घालू नका. ताटात मीठ वाढायची पद्धत मात्र आजपासून बंद. वर्षानुवर्षांची सवय आहे, पंधरा दिवस जेवण अळणी लागेल. मग जीभ जुळवून घेते.

आणि गोळी. 'बीपी नॉर्मल आलं म्हणून सोडली' हे वाक्य मी आठवड्यातून दहा वेळा ऐकतो. अहो, नॉर्मल आलं ते गोळीमुळे! ॲम्लोडिपिनसारखी साधी गोळी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळते, त्या पॅकेजच्या पैशांत तर वर्षभराची विकत येईल. बोटीवर आठ-दहा दिवस जाणाऱ्यांनी मोजून न्या, वर चार जास्त न्या. रोजे धरणाऱ्यांनी रमजानच्या आधी डॉक्टरांना भेटा. दिवसातून एकदाची गोळी सहरीला किंवा इफ्तारला घेता येते. लघवीवाटे पाणी काढणारी असेल तर वेळ विचारून ठरवा. महिनाभर गोळी बंद, असं मात्र करू नका.

आता रांग लावा. ज्यांनी आत्ताच चहा घेतला किंवा विडी ओढली, त्यांनी अर्ध्या तासाने या. बाकीच्यांनी पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, पाय जमिनीवर. पट्टा बांधल्यावर बोलू नका. वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 आला तर घाबरायचं नाही, दुसऱ्या दिवशी परत मोजायचं. कागद नंतर बघू.